नगरची कृपाबाई



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले पुष्कळ जण आता पुण्याला, चाकणला, हैदराबादला जातील. काही जण जर्मनी-कॅनडाही गाठतील. तुमच्या कितीतरी आधी या शहरातून गेलेल्या एका मुलीबद्दल मला आज बोलायचं आहे. कृपाबाई खिस्ती, लग्नानंतर कृपाबाई सत्यनाथन. जन्म १८६२, अहमदनगर. इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांमधली ही एक, आणि तिच्याच गावात तिचं नाव क्वचित निघतं. याचं मला फार वाईट वाटतं.

हरिपंत आणि राधाबाई हे तिचे आईवडील अमेरिकन मराठी मिशनच्या सुरुवातीच्या ब्राह्मण धर्मांतरितांपैकी. वडील लवकर गेले. थोरला भाऊ भास्कर तिला वाचायला लावायचा; तोही ऐन तारुण्यात गेला. कृपाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. विलायतेला जाऊन शिकायचं ठरत होतं, ते प्रकृतीमुळे बारगळलं. मग मद्रास. तिथलं मेडिकल कॉलेज १८७५ साली मुलींना खुलं झालं होतं. १८७८ मध्ये त्यांनी प्रवेश घेतला, अभ्यासात चमकल्या, आणि वर्षभरात तब्येतीने दगा दिला. डॉक्टरकी सुटली ती कायमची.

मग मद्रासच्याच सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी लग्न झालं. नवऱ्याच्या नोकरीमागे उटी, राजमहेंद्री, कुंभकोणम. दर ठिकाणी नवं बिऱ्हाड, कुठे तमिळ, कुठे तेलुगू. उटीत त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली. एकुलतं मूल तान्हेपणीच दगावलं. या सगळ्यात लिहिणं चालू होतं. ‘सगुणा’ ही पहिली कादंबरी १८८७ पासून मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात येऊ लागली.

‘सगुणा’ ही बरीचशी त्यांचीच कहाणी आहे, पण मला त्यातली आई जास्त जवळची वाटते. नवऱ्याने धर्म बदलला, तिने लगेच नाही. सोवळंओवळं, उपासतापास यांत वाढलेली ती पोर. एका दिवसात तिचं माहेर, नातीगोती, देव्हारा सगळं पलीकडच्या काठावर राहिलं. नवं आयुष्य तिने मागितलं नव्हतं, ते तिच्या अंगावर येऊन पडलं. कृपाबाई तिला मागासलेली ठरवत नाहीत आणि तिची कीव करत नाहीत. तिचा हट्ट, तिची भीती आणि मग हळूहळू तिचं रुळणं त्या मायेने लिहितात. गोऱ्या मिशनरी बायांच्या वरचढपणाची चीडही त्यांनी लपवलेली नाही.

असं न मागता अंगावर पडलेलं आयुष्य काय असतं, हे पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून आलेल्या मुलांना वेगळं समजावायला नको. दिवाळी झाली की ऊसतोडीचा कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर जाणारे आईबाप दरवर्षी नव्याने कोपी उभी करतात. त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं. आज इथे बसलेल्या पालकांमध्ये असे जे असतील, त्यांना मी नमस्कार करतो.

‘कमला’ ही दुसरी कादंबरी कृपाबाईंनी अखेरच्या आजारपणात लिहिली. १८९४ साली, बत्तिसाव्या वर्षी, त्या गेल्या. आयुष्याची कितीतरी वर्षं दक्षिणेत काढलेली ही बाई शेवटी वळली ती आपल्या दख्खनकडे, हिंदू घरात लहानपणी लग्न होऊन आलेल्या मुलीकडे. विधवा झालेल्या कमलाला पुनर्विवाहाची संधी येते आणि ती नाकारते. आपला पैसा विधवा-अनाथांसाठी लावते. अनेकांना हा शेवट खटकतो. मलाही पूर्वी खटकला होता. आता वाटतं, लेखिकेने कमलाला अगदी तिच्या काळात शक्य होतं तेवढंच दिलं. स्वतः एवढ्या वेळा नव्याने सुरुवात केलेल्या कृपाबाईंना प्रत्येकीला ते जमत नाही हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी खोटा आनंद लिहिला नाही.

आज मी दोन्ही कादंबऱ्यांच्या प्रती कॉलेजच्या ग्रंथालयाला देतो आहे. इंग्रजीच्या आणि मराठीच्या विभागांना माझी विनंती आहे, विद्यार्थ्यांकडून यांचा चांगला मराठी अनुवाद करून घ्या आणि तो नगरमध्येच छापा. गाव सोडून जाणाऱ्यांपैकी कुणाला त्यात हात लावावासा वाटला, तर जर्मनीत बसूनही एखादं प्रकरण करता येईल.