फेरारी आणि राहून गेलेला निरोप



गेल्या दिवाळीत आम्ही सगळे भाऊबीजेसाठी जळगावहून धुळ्याला ताईकडे गेलो होतो. दुपारची जेवणं झाली आणि मुलांनी टीव्हीवर ‘फेरारी की सवारी’ लावला. २०१२ सालचा हा चित्रपट राजेश मापुसकर यांचा. पुढे ‘व्हेंटिलेटर’ हा मराठी चित्रपट काढणारे, तेच मापुसकर.

गोष्ट साधी आहे. मुंबईच्या आरटीओत कारकून असलेला रुस्तम हा पारशी गृहस्थ भलताच प्रामाणिक. सिग्नल मोडला तर पोलीस शोधून स्वतःहून दंड भरणारा! त्याचा मुलगा कायो उत्तम क्रिकेट खेळतो. लॉर्ड्सच्या शिबिराला जायचं तर दीड लाख रुपये हवेत. एका नगरसेवकाच्या मुलाला लग्नाच्या वरातीत सचिनची फेरारी हवी असते. त्यासाठी रुस्तम ती गाडी न विचारता घेऊन येतो, आणि पुढे जी धांदल उडते तिला मुलं पोट धरून हसतात. सचिनला अशी गाडी खरोखरच भेट मिळाली होती, २००२ साली, ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल.

माझा नातू हसून लोळत होता. त्याच्याशेजारी माझा मुलगाही हसत होता. मला मात्र हसू येईना. माझं लक्ष होतं घरातल्या म्हाताऱ्याकडे. बोमन इराणींनी रंगवलेला हा आजोबा एके काळी मोठा खेळाडू. जवळच्या मित्रानेच दगा दिल्यामुळे त्याची भारतीय संघातली संधी हुकलेली. तेव्हापासून तो खुर्चीत बसून कुढतो आहे. त्या दगा देणाऱ्या मित्राच्या जागी मला मीच दिसू लागलो.

२००३ साल, विश्वचषकाचे दिवस. मुलगा सातवीत, शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर. त्याच्या सरांचा घरी फोन आला, “रविवारी पुण्यात शिबिरासाठी निवड चाचणी आहे, पोराला घेऊन जा.” मी ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि निरोप मुलाला दिलाच नाही. रात्रीच्या गाडीचं भाडं, बुडणारा अभ्यास असा सगळा हिशेब मी मनात मांडला. फक्त ज्याचा खेळ, त्याला विचारलं नाही.

परतीच्या एसटीत, पारोळा मागे पडल्यावर, मी मुलाला हे सांगितलं. नातू त्याच्या मांडीवर झोपला होता. तो म्हणाला, “बाबा, मला माहीत होतं. सोमवारी सरांनी विचारलं होतं, का आला नाहीस म्हणून.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली. नंतर राहूनच गेलं.”

एरंडोल येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

मंडळी, त्याची निवड झाली असती, असा माझा मुळीच दावा नाही. कदाचित पहिल्याच फेरीत तो घरी आला असता. पण ते मैदानावर ठरलं असतं, माझ्या फोनपाशी नाही. आपल्याकडे पैसे नसतील, तर मुलांना तसं सांगावं. परीक्षा महत्त्वाची वाटत असेल, तर तेही सांगावं, त्यांच्याशी भांडावं. पण त्यांच्या नावाने आलेला निरोप त्यांच्यापर्यंत पोचवावा.

गेल्या आठवड्यात नातवाच्या शाळेतून खो-खोच्या निवडीची चिठ्ठी आली. मुलाने ती वाचली आणि काही न बोलता पोराच्या हातात दिली.