अंधारातलं चित्रण आणि पडद्यावरचे दाणे

घरच्या गणपतीची आरती हौसेनं चित्रित केली आणि टीव्हीवर लावली, तर मागची काळोखी भिंत मुंग्या फिरल्यासारखी वळवळताना दिसते. हे दाणे म्हणजेच नॉइज. त्याचं मूळ कारण अपुरा प्रकाश.

कॅमेरा ऑटोवर असला, की प्रकाश कमी पडताच तो आयएसओ वाढवतो. आयएसओनं प्रकाश वाढत नाही. मिळालेला क्षीण संकेत मोठा होतो आणि दाणेही उठून दिसतात. म्हणून मॅन्युअल मोडवर या आणि आयएसओ सर्वांत शेवटी वाढवा.

आधी अ‍ॅपर्चर (म्हणजे भिंगाचं छिद्र) उघडा. एफ ४ वरून एफ २ वर आलात, की चौपट प्रकाश आत येतो. मग शटर. सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर शटर सेकंदाच्या ५०व्या भागावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं दिव्यांची लुकलुकही टळते.

चित्र मुद्दाम काळोखं घेऊन नंतर संगणकावर उजळू नका. सावल्यांत दडलेले दाणे तेव्हाच वर येतात. मोबाइल असेल तर झूम टाळा, चार पावलं पुढे जा.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय? खोलीतला आणखी एक दिवा लावा. एका दिव्यानं जे साधतं, ते महागड्या कॅमेऱ्यालाही सहज जमत नाही.