निकाल लागेपर्यंत चूल कशी पेटायची?



गटाच्या बैठकीत हप्ता थकला की आम्ही कारण विचारतो. कधी उत्तर येतं, "कोर्टात केस चालू आहे, निकाल लागला की भरते." घटस्फोटाची केस वर्षानुवर्षं चालते. पण लेकरांना जेवण रोज लागतं, जूनमध्ये वह्या लागतात. म्हणून आज अंतरिम आदेशाबद्दल बोलू.

अंतरिम आदेश म्हणजे केस चालू असताना कोर्टानं दिलेला तात्पुरता आदेश. तो आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली महिन्याची पोटगी आणि केसचा खर्च मागता येतो, केस नवऱ्यानं टाकली असली तरी. कलम २६ खाली लेकरांचा ताबा, भेट आणि शिक्षणाबद्दल आदेश मिळतो.

मारहाण होत असेल, घराबाहेर काढत असतील, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्यासाठी घटस्फोटाची केस लागत नाही. ज्या घरात संसार केला ते आपल्या नावावर नसलं तरी तिथं राहण्याचा हक्क मागता येतो. पोटगीसाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ सुद्धा आहे, तेच जुनं कलम १२५. हे दोन्ही मार्ग सर्व धर्मांच्या बायकांना खुले आहेत.

आता नागपूरची एक केस ऐका. वकील तिला 'रजनेश विरुद्ध नेहा' म्हणून ओळखतात. पत्नीनं सप्टेंबर २०१३ मध्ये कुटुंब न्यायालयात अंतरिम पोटगीचा अर्ज केला. आदेश झाला ऑगस्ट २०१५ मध्ये: पत्नीला महिना १५,००० रुपये, मुलाला वेगळे. पण हिशोब धरला सप्टेंबर २०१३ पासून. नवरा उच्च न्यायालयात गेला, मग सर्वोच्च न्यायालयात. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी सांगितलं: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, अंतरिम अर्जाचा निकाल चार ते सहा महिन्यांत लावायचा प्रयत्न करायचा, आणि दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं शपथपत्र द्यायचं.

म्हणजे तायांनो, अर्जाची तारीख मोलाची आहे. "बघू, समेट होईल" म्हणून सहा महिने घालवले, तर त्या सहा महिन्यांची पोटगी सहसा हातची जाते. समेटाची बोलणी अर्ज केल्यावरही करता येतात.

आपल्याकडं नवऱ्याला पगारपत्रक नसतं. "माझं काहीच उत्पन्न नाही" असं तो म्हणतो. मग सातबारा, आठ-अ काढा. हळद, सोयाबीन विकल्याची बाजारातली पट्टी, ट्रॅक्टरची कागदपत्रं, जे मिळेल ते वकिलाला द्या. लेकरांची फी, दवाखाना, किराणा यांच्या पावत्या जपून ठेवा.

काही जणी विचारतात, गटातून शिलाई मशीन घेतली, चार पैसे येतात, ते सांगितलं तर पोटगी बंद होईल का? स्वतःची कमाई असली म्हणून पोटगीचा हक्क आपोआप जात नाही. त्या कमाईत भागतं का, हे कोर्ट बघतं. लपवू मात्र नका, शपथपत्र आपलंही असतं.

आदेश झाला की प्रमाणित प्रत घ्या. पैसे बँकेच्या खात्यावर मागा, म्हणजे कोणत्या महिन्याचे आले, कोणत्या महिन्याचे राहिले हे पासबुकावर दिसतं. नवरा देत नसेल तर वसुलीचा अर्ज लगेच टाका. कलम १४४ मध्ये रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत हा अर्ज करावा लागतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हिंगोलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा किंवा १५१०० वर फोन करा. हिंसा होत असेल तर १८१ लावा, संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा.

गटानंही एवढं करावं: अशा बाईच्या हप्त्याला ठराव करून मुदत द्यावी आणि तारखेला एकीनं तिच्यासोबत जावं. कोर्टाच्या व्हरांड्यात ती एकटी बसली की तडजोडीच्या कागदावर न वाचता सही होते. सोबत कोणी असलं की ती म्हणते, "आधी वाचून दाखवा."