‘बरं आहे’ म्हणजे किती?

(स्नेहसंमेलनातील भाषण. बोलले तसेच, थोडे नीट करून.)

व्यासपीठावर बसलेले आमचे सर, आमच्या बाई आणि मागच्या रांगेतून अजूनही खाणाखुणा करणारे माझे वर्गमित्र-मैत्रिणी,

संयोजकांनी मला सांगितलं, “तू आयटीत आहेस, एआयवर बोल.” एआयवर बोलायला आता प्रत्येकाच्या घरी एक भाचा आहे. मी पोटावर बोलणार आहे. जेवणाच्या आधी हा विषय घेतेय आणि पुढे शौचाचा उल्लेखही येणार आहे, म्हणून बाईंची आधीच माफी मागते.

मी नक्की काय करते, हे मघाशी चहाच्या वेळी चौघांनी विचारलं. आजारी माणसं टॅब्लेटवर ज्या प्रश्नावल्या भरतात, त्यांचं सॉफ्टवेअर आमची कंपनी करते. डॉक्टर रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात, दुर्बीण घालून आतडं बघतात. पण त्या माणसाचा दिवस कसा जातो, लग्नाला जायचं म्हटलं की त्याला आधी संडास कुठे आहे ते बघावं लागतं का, हे दुर्बिणीत दिसत नाही. ते त्यालाच विचारायला लागतं. आणि सगळ्यांना एकाच प्रकारे विचारायला लागतं, नाहीतर या औषधाने फरक पडला की त्या, ते कळणार कसं?

अशी एक जुनी, नावाजलेली प्रश्नावली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातली आहे, १९८९ सालची. आतड्याला कायमची सूज येणाऱ्या आजारांसाठी, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स वगैरेंसाठी. ३२ प्रश्न, प्रत्येकाला सात उत्तरं. बेरीज ३२ ते २२४ च्या मध्ये कुठेतरी येते. जितकी जास्त तितकं बरं. कर्करोगासाठी युरोपातल्या ईओआरटीसी या संस्थेची ३० प्रश्नांची प्रश्नावली आहे, १९९३ ची. तिला जोडून जठराच्या कर्करोगासाठी वेगळे २२ प्रश्न आहेत. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी या ३० प्रश्नांच्या हिंदी आणि मराठी आवृत्त्या आपल्याकडच्या रुग्णांवर तपासून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. म्हणजे मी आज काही नवीन सांगत नाहीये.

माझा या प्रकाराशी संबंध आला तो जपानी भाषेमुळे. मला जपानी येतं ते ‘धन्यवाद’ आणि ‘सर्व्हर बंद आहे’ इतपतच. पण पचनाच्या विकारांच्या एका प्रश्नावलीचे जपानी पडदे माझ्याकडे होते, आणि भाषांतर करणाऱ्यांच्या बैठकांना मला बसायला लागायचं. पद्धत अशी असते. दोघंजण स्वतंत्रपणे इंग्रजीतून जपानीत आणतात. दोन्हींचं मिळून एक करतात. मग ज्यांनी मूळ पाहिलेलं नाही असे दुसरे दोघं ते उलट इंग्रजीत नेतात. जिथे मूळ आणि उलटून आलेलं जुळत नाही, तिथे भांडण. शेवटी दहा-एक रुग्णांसमोर बसून विचारायचं: हा प्रश्न कळला का, अवघड वाटला का, वाचून वाईट वाटलं का, तुम्ही हा कसा विचारला असता? मला हा शेवटचा प्रश्न फार आवडतो. शाळेत आपल्याला तो कोणी विचारला असता तर पेपर जरा बरे निघाले असते.

त्या बैठकांमध्ये मला सारखं घरी आल्यासारखं वाटायचं. इंग्रजीत छातीतल्या जळजळीला ‘हार्टबर्न’ म्हणतात, त्यात हृदयाचा काही संबंध नसतो. जपानी माणूस ‘मुनेयाके’ म्हणतो: छाती जळणं. म्हणजे सरळ आपलंच. जेवण उतरत नाही, पोट जड होतं, त्याला त्यांचा ‘इमोतारे’ हा एकच शब्द. पोट गुडगुडतं तसं त्यांचं ‘गोरोगोरो’ करतं, बारीक दुखतं ते ‘शिकुशिकु’, टोचल्यासारखी कळ येते ती ‘किरिकिरि’. आपल्याकडे मुरडा आहे, कळ आहे, मळमळ आहे, करपट ढेकर आहे. आणि या दोन श्रीमंत भाषांच्या मध्ये इंग्रजीची अरुंद बोळ, सगळं तिच्यातूनच न्यायचं. अजून एक. शौचाचे सात प्रकार दाखवणारा ब्रिस्टलचा तक्ता आहे, १९९७ चा. त्यात चांगल्या शौचाला सॉसेजची उपमा आहे. जपानी लोक त्याला केळं म्हणतात. आपल्याकडेही केळंच चालेल, फक्त नंतर शिकरण करताना आठवू नये.

पण शब्द सापडले म्हणजे काम झालं असं नसतं. ‘या आठवड्यात मी आनंदात होतो’ अशा वाक्याला जपानी माणसं अमेरिकनांपेक्षा कमी होकार देतात, हे तिथल्या अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. ती जास्त दुःखी असतात असं नाही. स्वतःचं चांगलं चाललंय हे असं बोलून दाखवायची रीत नाही. आपलं नेमकं उलटं. आपल्याला कोणी विचारलं, कसं काय, तर सलाइन लावलेला माणूससुद्धा म्हणतो, “बरं आहे.”

दोन-तीन वर्षांपूर्वी एका प्रश्नावलीचं मराठी काम आलं. ती कुठली, ते सांगायची मला मुभा नाही. पहिल्या मसुद्यात ‘बद्धकोष्ठता’ आणि ‘अतिसार’ होते. रुग्णांनी विचारलं, म्हणजे काय? मग ‘पोट साफ होत नाही’ आणि ‘जुलाब’ आले. ‘मागील आठवड्यात’ या शब्दांचा अर्थ निम्म्यांनी सोमवार ते रविवार असा घेतला, आणि ते मंगळवारी फॉर्म भरत होते. तिथे ‘गेल्या सात दिवसांत’ केलं. ‘लांब चालायला त्रास होतो का’ यावर एक बाई म्हणाल्या, “मी कशाला लांब चालेन, मला घरची कामं आहेत.” पेणकरपाड्यात मी विचारलं असतं, मीरा रोड स्टेशनपर्यंत चालत जाल का? पण तोच फॉर्म गडचिरोलीत भरला जाणार, तिथे स्टेशन कुठलं?

सगळ्यात जास्त वेळ गेला एका शब्दावर. उत्तरं चार होती: मुळीच नाही, थोडंसं, बऱ्यापैकी, खूप. पोटात किती दुखतं? बऱ्यापैकी. आता सांगा, यात दुखणं वाढलं की कमी झालं? बाई, तुम्ही हसताय, पण एका आजोबांनी ‘बऱ्यापैकी’वर खूण केली आणि म्हणाले, “आता बरंच आहे की.” त्यांचं ‘बरं’ आम्ही दुखण्याच्या खात्यात मोजणार होतो. शेवटी तिथे ‘बरंच’ही चालेना, कारण त्यातही तेच ‘बरं’. ‘पुष्कळ’ घेतलं, आणि मग ‘पुष्कळ’ मोठं की ‘खूप’ मोठं, यावर अख्खी दुपार गेली. ‘खूप’चं ‘अतिशय’ झालं तेव्हा सुटलो.

आता जे सांगायचं म्हणून उभी राहिले ते सांगते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्या बाबांना पाहिलेलं आहे. पाड्यातल्या एका गाळ्यात लेथवर काम करायचे. शाळेत जाताना कोणाच्या सायकलची चेन पडली की तिथेच बसवून द्यायचे. २०१५ मध्ये त्यांच्या जठराचं ऑपरेशन झालं, अर्ध्याहून जास्त जठर काढलं. त्यानंतर माणसाला दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं. गोड खाल्लं तर घाम फुटतो, छाती धडधडते. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं.

तपासणीला गेलो की एक कागदी फॉर्म मिळायचा. मी शेजारी बसलेली. त्यात एक प्रश्न होता, दुसऱ्यांसमोर जेवताना अडचण वाटते का, अशा अर्थाचा. हाच प्रश्न जपानीत मी स्वतः पडद्यावर बसवला होता, चारही उत्तरं न सरकवता दिसतील अशा बेताने. बाबांनी चष्मा पुसला, वाचला आणि ‘मुळीच नाही’वर गोल केला.

घरी बाबांचं ताट तीन महिन्यांपासून आतल्या खोलीत जात होतं. दार लोटून जेवायचे. घास बाहेर येईल, ढेकर येईल, नातू बघेल, म्हणून. गणपतीत चुलत्यांकडे गेले नाहीत, पहिल्यांदाच.

रिक्षात मी विचारलं, “बाबा, असं कसं लिहिलंत?”

ते म्हणाले, “अगं, मी कोणासमोर जेवतच नाही. मग अडचण कसली?”

उत्तर खोटं नव्हतं. गेल्या सात दिवसांत त्यांना दुसऱ्यांसमोर जेवताना एकदाही अडचण आली नव्हती. कागदावर ते अगदी ठणठणीत दिसत होते.

मी तिथल्या तिथे बोलले नाही, कारण नियम मला पाठ होता: उत्तर रुग्णाचंच हवं, नातेवाइकांनी सुचवायचं नाही. नियम बरोबर आहे. सुनेने सासूचं, नवऱ्याने बायकोचं उत्तर द्यायला लागलं की फॉर्मला काही अर्थ राहत नाही. पण नियम फॉर्मपुरता होता. डॉक्टरांना बाहेर गाठून “बाबा आत बसून जेवतात” एवढं सांगायला मला कोणी अडवलं नव्हतं. ते मी पुढच्या तपासणीला सांगितलं. मध्ये आणखी तीन महिने गेले. आहारतज्ज्ञ बाई मग बाबांशी अर्धा तास बोलल्या आणि त्यांनी साधा उपाय सांगितला: जेवायला सगळ्यांबरोबर बसा, जेवू नका, तुमचं खाणं आधी उरका, मग नुसतं ताक घेऊन बसा. बाबा ताक घेऊन बसायला लागले. २०१९ मध्ये ते गेले, पण मधली वर्षं ताटाशी, म्हणजे आमच्या ताटांशी, बसून गेली.

म्हणून त्या मराठी कामात मी हट्टाने एक टिपण जोडलं. रुग्णांशी बोलताना या प्रश्नापाशी आणखी एक विचारा: या सात दिवसांत तुम्ही कोणाबरोबर जेवलात का? दहांतल्या तिघांनी नाही म्हटलं, आणि तिघांचंही मूळ उत्तर ‘मुळीच नाही’च होतं. ज्यांची ती प्रश्नावली आहे त्यांनी कळवलं की प्रश्न बदलता येणार नाही; बदलला तर पूर्वीच्या उत्तरांशी तुलना तुटते. त्यांचं म्हणणं मला पटतं आणि रागही येतो. फॉर्म घेणाऱ्यांसाठीच्या सूचनांमध्ये मात्र आमची ओळ राहिली.

आता तुमच्याकडे माझं एक काम आहे. पोटाच्या तक्रारी घरी नक्की कुठल्या शब्दांत सांगतात, ते मी गोळा करतेय. मराठीच्या बाईंकडून घेईनच, पण मला पुस्तकातले नकोत. तुमची आई काय म्हणते, सासरी कोकणात, खानदेशात काय म्हणतात, पाड्यातल्या आगरी आज्या ‘पोटान’ काय काय होतं म्हणतात, ते हवं. आणि कोणाच्या घरी कोणी आत बसून जेवत असेल, तर तेही सांगा. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवलीय, पेन बांधून ठेवलंय, कारण आपल्या वर्गाची ख्याती मला माहीत आहे.