झाडांची नावे आणि झाडांची ओळख

रायपूर शहराच्या जुन्या भागात ब्राह्मणपारा नावाची वस्ती आहे. छत्तीसगढी बोलीत पारा म्हणजे आळी. मराठी कानाला मात्र या शब्दासरशी वडापिंपळाभोवतीचा पार आठवल्यावाचून राहत नाही. या मुलखाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुराहून छत्तीसगढाचा कारभार पाहिला. १८१८ नंतर, इंग्रजांच्या देखरेखीच्या काळात, कारभाराचे ठाणे रायपुरास आले. मराठी कुटुंबे येथे स्थिरावली, तेव्हा त्यांनी आपली भाषा आणली आणि त्या भाषेतील झाडांची नावेही आणली. रान मात्र आपल्या जागी होते, आणि त्याची नावे निराळी होती.

मराठीतला ऐन येथे साजा होतो, अर्जुन कौहा होतो, बिब्बा भेलवा होतो. चारोळीच्या झाडाला नुसते चार म्हणतात आणि कुसुंबाला कोसम. साल, म्हणजे येथली सरई, हा तर आज छत्तीसगढाचा राज्यवृक्ष आहे. पण सह्याद्रीच्या रानात तो नसल्याने पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला तो अपरिचितच असतो. म्हणून येथे वृक्षांचा अभ्यास करू पाहणाऱ्याने एकेका झाडाची दोन नावे शिकावी. तथापि नाव पाठ होणे ही ओळख नव्हे. माणूस जसा चेहऱ्यावरून, चालीवरून आणि आवाजावरून ओळखू येतो, तसे झाड खोडावरून, पानावरून, चिकावरून आणि वासावरून ओळखावे लागते.

ऐन आणि अर्जुन हे एका कुळातले. दोघांच्याही फळांना पाच पाती असतात. परंतु ऐनाचे खोड काळपट असून मगरीच्या पाठीसारखे भेगाळलेले असते, तर अर्जुनाचे खोड गुळगुळीत व पांढुरके असते आणि त्याच्या सालीचे पापुद्रे सुटतात. ऐन रानात कोठेही भेटतो; अर्जुनाला ओढ्याचा काठ प्रिय. या दोन्ही झाडांवर कोशाचे किडे पोसतात, आणि त्या कोशांतून छत्तीसगढाचे प्रसिद्ध कोसा रेशीम निघते. सागाचे कोवळे पान चुरले तर बोटे लाल होतात. बिवळ्याच्या सालीला इजा झाली की रक्तासारखा लाल डिंक पाझरतो. त्याच्या लाकडाच्या पेल्यात ठेवलेल्या पाण्याला निळसर झाक येते. पळस आणि कुसुंब यांवर लाखेचा किडा वाढतो, त्यांतही कुसुंबावरची लाख अधिक चांगली समजली जाते.

ही ओळख केवळ हौसेची नाही, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. काजरा, ज्याला कुचला म्हणतात तो, आणि निवळी ही दोन झाडे एकाच जातीतली भावंडे होत. दोघांची पाने समोरासमोर येतात आणि पानाच्या बुडापासून तीन ते पाच ठळक शिरा निघतात. निवळीचे बी मडक्याच्या आतून घासले असता गढूळ पाणी निवळते; नाव त्यावरूनच पडले. काजऱ्याचे बी मात्र जहाल विष आहे. निवळीचे फळ लहान, जांभळासारखे काळे. काजऱ्याचे फळ लहानशा संत्र्याएवढे, रंगानेही नारिंगी, आणि त्यातील बिया चपट्या गुंड्यांसारख्या. पान पाहून थांबणारा येथे फसेल; फळ आणि बी पाहणारा फसणार नाही. बिब्ब्याचेही तेच. त्याच्या तेलाने धोबी कपड्यांवर खुणा करीत, पण तेच तेल अंगाला लागले तर फोड येतात.

झाडाचा उपयोग जाणणे याचा दुसरा अर्थ त्या उपयोगाची मर्यादा जाणणे असा आहे. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची रीत आहे. पण त्या आगीत मोहाची रोपेही जळतात, आणि म्हाताऱ्या मोहाच्या जागी तरुण मोह उभा राहत नाही. चारोळीला भाव मिळतो म्हणून फळे पिकण्यापूर्वीच, प्रसंगी फांद्या तोडून, ती गोळा केली जातात. मग रुजायला पिकले बी उरत नाही. सालाचे बी तर पावसाच्या तोंडाशी पडते आणि सुमारे आठवडाभरच रुजण्याजोगे राहते. त्या आठवड्यात ओल मिळाली नाही तर वर्ष फुकट गेले. याउलट तेंदूचे झुडूप पानतोडीच्या आधी छाटले असता नवी कोवळी पाने अधिक येतात. म्हणजे एका झाडाला छाटणी मानवते आणि दुसऱ्याचा वंश तीच बुडवते. हा भेद रानात राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतो; बाजाराला तो ठाऊक नसतो.

डॉ. वामन गणेश देसाई यांच्या ‘ओषधीसंग्रहा’सारखे ग्रंथ या कामी मराठी वाचकाला सोबत करतात, परंतु ग्रंथातील वर्णन झाडापाशी उभे राहून वाचावे, तेव्हाच त्याचा अर्थ लागतो. शहरी कुटुंबाने एक नियम केला तरी पुष्कळ साधेल. मुलाने वर्षाला एकच झाड निवडावे, त्याची पालवी, फूल, फळ आणि पानगळ हे चारही काळ पाहावे, आणि रानातून टोपली घेऊन बाजारात येणाऱ्या बाईला त्याचे तिच्या बोलीतले नाव विचारावे. बारा वर्षांत बारा झाडे होतील. संख्या थोडी वाटेल. पण त्या बारांपैकी एखादे तोडायला कोणी आले, तर ते कोणते झाड आहे आणि त्यावर कोणाचे पोट अवलंबून आहे, हे सांगणारा एक माणूस त्या आळीत असेल.