बातमीच्या पलीकडे



गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी सल्ला विचारण्यास घरीं आला. बारा वर्षें तो एका दैनिकांत वार्ताहर आहे. ती नोकरी सोडून एखाद्या संस्थेच्या जनसंपर्क खात्यांत जावें आणि उरल्या वेळांत कादंबरी लिहावी, असा त्याचा मनोदय. "गुरुजी, हें पळून जाणें तर नव्हे ना?" असें त्यानें विचारलें. त्या दिवशीं मला उत्तर सुचलें नाहीं. तें आज देतों.

उत्तर शोधतांना मला कै. अरुण साधू आठवले. १९४१ सालीं वऱ्हाडांतील परतवाडा येथें जन्मलेले साधू मुंबईच्या इंग्रजी पत्रांत वार्ताहर म्हणून नांवारूपास आले. बातमीदारास एक जाचक बंधन असतें : जें सिद्ध करतां येईल, तेवढेंच छापावयाचें. परंतु मंत्र्याच्या दालनाबाहेर ताटकळतांना कोणाचा आवाज कोणापुढें खालीं येतो, कोण कोणाची नजर चुकवितो, हेंहि त्यास दिसतें. त्याची बातमी होत नाहीं, कादंबरी होते. साधूंच्या 'मुंबई दिनांक' (१९७३) व 'सिंहासन' (१९७७) ह्या कादंबऱ्या अशाच सामग्रीवर उभ्या आहेत. डॉ. जब्बार पटेल ह्यांनीं त्या दोहोंवरून १९७९ सालीं चित्रपट काढला. त्यांतील दिगू टिपणीस हा वार्ताहर कोण विसरेल?

मात्र एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ह्या दोन्ही कादंबऱ्या साधूंनीं पत्रकारिता चालू असतांनाच लिहिल्या. पुणें विद्यापीठांतील संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभागाचें प्रमुखपद त्यांच्याकडे आलें तें पुष्कळ नंतर. एक धंदा सुटल्यावांचून दुसरी कला हातीं येत नाहीं, असें मुळींच नाहीं.

जनसंपर्काच्या नोकरींत लेखणी धन्याची बाजू मांडते. त्यांत कमीपणा नाहीं. वकीलहि तेंच करतो. पण तेथें गैरसोयीचें तें वगळावें लागतें, आणि कादंबरीस नेमकें तेंच हवें असतें. दिवसां वगळण्याची संवय जडलेला हात रात्रीं खरें लिहील काय, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यास माझें सांगणें असें : बाळा, आधीं तीन प्रकरणें लिहून आण, राजीनामा त्यानंतर लिही. शुद्धलेखन तपासावयास मी आहेंच.