खुराडं आपल्या मापाचं

मैत्रिणींनो, कित्येक घरांत अंड्यांचे पैसे तेवढेच बाईच्या हाती राहतात. म्हणून खुराडं केवढं घ्यायचं, हेही तिनंच ठरवावं, असं मी बचत गटांत सांगते.

दिवसा परसात हिंडणाऱ्या १० कोंबड्यांना रात्रीपुरती ५ फूट बाय ३ फूट जागा पुरते. दिवसभर कोंडायच्या असतील, तर दर कोंबडीला ४ चौरस फूट धरा. उगाच मोठ्या खुराड्यासाठी कर्ज काढू नका. बांबू, जुन्या फळ्या चालतात. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, हवा खेळती हवी. काटकसर बारीक जाळीत आणि कडीत मात्र नको. मुंगसानं कोंबड्या मारल्या, की घरचे म्हणतात, 'किरकोळ नुकसान'. किरकोळ कसं? ती तिची कमाई होती!